काचपेटीतल्या सापाला ऊब किती हवी?

धुळ्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा पाच-सहा अंश सेल्सिअसपर्यंत, एखाद्या वर्षी त्याहीपेक्षा खाली उतरतो. तेथून सुमारे शंभर किलोमीटरवरील जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात तो ४५ अंशांच्या घरात जातो. वर्षभरात चाळीस अंशांचा हा फरक माणूस गोधडी, शेकोटी, कूलर आणि माठाच्या आधाराने निभावून नेतो. मोकळ्या रानातला साप तो बीळ, भेग, दगडाची कपार आणि केळीच्या बागेतील ओलसर सावली यांच्या आधाराने निभावतो. काचेच्या पेटीत ठेवलेल्या सापाजवळ मात्र यांतले काहीच नसते. त्याची ऊब आणि त्याचा गारवा या दोन्ही गोष्टी सर्वस्वी पेटी मांडणाऱ्याच्या हाती असतात.

परवाना आणि नोंदणीसह परदेशी साप पाळणारे काही हौशी लोक, वन विभागाच्या देखरेखीखाली जखमी सापांची शुश्रूषा करणारे सर्पमित्र आणि त्यांच्यावर उपचार करणारे पशुवैद्यक या सर्वांपुढे हा प्रश्न येतो. त्याचे उत्तर बहुधा ‘एक बल्ब लावला की झाले’ इतक्या सोप्या समजुतीवर सोडून दिले जाते. सापाला होणाऱ्या श्वसनमार्गाच्या संसर्गाचे, अन्न ओकून टाकण्याचे, कात अडकण्याचे आणि पोटाखाली भाजल्याचे मूळ पुष्कळदा या समजुतीतच सापडते.

उसन्या उबेवर जगणारा प्राणी

मनुष्य, गाय किंवा चिमणी खाल्लेल्या अन्नातून स्वतःची उष्णता निर्माण करतात. सापाचे तसे नाही. त्याच्या शरीराचे तापमान सभोवतालच्या हवेवर आणि ज्या पृष्ठभागावर तो बसतो त्यावर अवलंबून असते. यासाठी ‘थंड रक्ताचा’ हा शब्द रूढ असला तरी तो फारसा अचूक नाही. उन्हात बसलेल्या धामणीचे रक्त माणसाच्या रक्ताच्या जवळपास उबदार असू शकते. फरक इतकाच की ती ऊब उसनी असते.

या व्यवस्थेचा फायदा मोठा आहे. शरीर गरम ठेवण्यासाठी अन्न खर्ची पडत नसल्याने अजगर एका मोठ्या भक्ष्यावर कित्येक आठवडे काढू शकतो. परंतु पचन, रोगप्रतिकार, जखम भरून येणे, कात टाकणे या सर्व क्रिया विशिष्ट तापमानातच नीट चालतात. बहुसंख्य सापांना त्यासाठी साधारणपणे २८ ते ३२ अंशांचे शरीर-तापमान मानवते. शरीर बरेच थंड पडले तर पोटातील भक्ष्य पचण्याऐवजी सडू लागते आणि साप ते बाहेर टाकतो. याउलट शरीर ४० अंशांपलीकडे गेले तर बहुतेक सापांना मृत्यू येण्यास फार वेळ लागत नाही. थंडी सापाला हळूहळू मारते, उष्णता झटपट मारते. खान्देशात पेटी मांडणाऱ्याने हा भेद प्रथम ध्यानात घ्यावा.

निसर्गात साप दिवसभर जागा बदलून आपले तापमान राखतो. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात अजगर हिवाळ्यात साळिंदरांच्या बिळांचा आश्रय घेतात आणि ऊन चढले की बिळाच्या तोंडाशी येऊन अंग शेकतात. सातपुड्याच्या पायथ्याला, यावल अभयारण्य किंवा शिरपूर तालुक्यातील अनेर धरण अभयारण्याच्या परिसरात थंडीच्या दिवसांत सकाळी उशिरा खडकावर पडून राहिलेला साप दिसतो, तो याच कारणासाठी. उन्हाळ्यात तापीकाठच्या काळ्या जमिनीला पडणाऱ्या खोल भेगा हेच त्याचे घर होते. वर जमीन भाजत असताना हात-दोन हात खाली बराच गारवा असतो.

स्वतःची उष्णता निर्माण करणारा एक अपवादही आहे. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून बसते आणि थंडी वाढली की स्नायूंना हिसके देत अंडी उबवते. १९६६ साली न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातील आशियाई अजगराच्या मादीवर झालेल्या मोजमापांत हवेचे तापमान उतरत गेले तसे हे हिसके वाढत गेल्याचे दिसून आले. परंतु ही सोय त्या मादीला केवळ अंडी उबवण्याच्या काळापुरती असते. पेटीतल्या सापाने कुडकुडून स्वतःला गरम करावे, अशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही.

आधी कायदा

भारतात आढळणारा कोणताही रानटी साप घरात पाळता येत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार अनुसूचीतील वन्यप्राण्याला पकडणे हेदेखील ‘शिकार’ या संज्ञेत मोडते. २०२२ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. तिच्यानुसार अजगराबरोबरच नाग, घोणस आणि धामण यांनाही पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीसाठी तीन ते सात वर्षांचा कारावास आणि किमान २५ हजार रुपयांचा दंड अशी शिक्षा आहे. गुप्तधन किंवा औषधाच्या खुळ्या कल्पनांपायी मांडूळ बाळगणाऱ्यांवर महाराष्ट्रात अनेक ठिकाणी गुन्हे दाखल झाले आहेत. शेतात सापडलेला तस्कर किंवा कवड्या बिनविषारी आहे, म्हणून तो मुलांसाठी काचेच्या टाकीत ठेवणे हादेखील गुन्हाच होय.

परदेशी सापांची गोष्ट वेगळी आहे. पश्चिम व मध्य आफ्रिकेतील बॉल पायथन आणि अमेरिकेतील कॉर्न स्नेक या दोन जाती जगभर घरांत पाळल्या जातात व भारतातील मोठ्या शहरांतील हौशी लोकांकडेही आढळतात. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०२० साली अशा प्राण्यांची स्वेच्छेने माहिती देण्याची योजना काढली. त्यानंतर २०२४ च्या फेब्रुवारीत अधिसूचित झालेल्या नियमांनी वन्यजीव व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय करारातील, अर्थात ‘साइट्स’च्या यादीतील जिवंत प्राण्यांची नोंदणी सक्तीची केली. ही नोंदणी ‘परिवेश’ संकेतस्थळावरून राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे होते. बॉल पायथन या यादीत आहे. कॉर्न स्नेक नाही, तथापि वैध आयातीची व खरेदीची कागदपत्रे त्यालाही हवीतच. कागदपत्रांविना मिळणारा ‘स्वस्त’ साप विकत घेणे म्हणजे तस्करीला हातभार लावणे होय.

आकडा नव्हे, उतार

‘सापाला किती अंश तापमान ठेवावे?’ हा प्रश्नच थोडा चुकीचा आहे. संपूर्ण पेटी एकाच तापमानाला ठेवली तर सापाला निवड उरत नाही. भक्ष्य गिळल्यानंतर त्याला अधिक ऊब हवी असते, इतर वेळी कमी. कात टाकण्यापूर्वी तो गार, दमट कोपरा शोधतो. म्हणून पेटीच्या एका टोकाला ऊब, दुसऱ्या टोकाला गारवा आणि मधे क्रमाक्रमाने उतरत जाणारे तापमान अशी रचना करावी. सापाने दिवसातून किती वेळा या टोकावरून त्या टोकाला जायचे, हे त्याचे त्यालाच ठरवू द्यावे.

बॉल पायथनसाठी उबदार टोकाला ३१ ते ३३ अंश आणि गार टोकाला २५ ते २७ अंश असा उतार योग्य समजला जातो. रात्रीही पेटी २३-२४ अंशांखाली जाऊ देऊ नये. कॉर्न स्नेक समशीतोष्ण प्रदेशातला असल्याने त्याला उबदार टोकाला २८ ते ३० आणि गार टोकाला २२ ते २४ अंश पुरतात. रात्री २० अंशांच्या आसपासचा गारवा तो सहज सोसतो.

उतार तयार होण्यासाठी पेटीला लांबी हवी. दीड फुटाच्या पेटीत एका टोकाला हीटर लावला की दुसरे टोकही तापते. पूर्ण वाढीच्या बॉल पायथनसाठी पेटी निदान चार फूट लांब असावी. दोन्ही टोकांना लपण्यासाठी एकेक बंदिस्त जागा ठेवणे आवश्यक आहे. एकच लपण असेल आणि ते गार टोकाला असेल, तर बुजरा साप ऊब सोडतो पण लपण सोडत नाही. मग उत्तम हीटर असूनही तो थंडच राहतो. मडक्याचा फुटका अर्धा भाग पालथा घातला तरी लपण तयार होते.

काचेचा स्वभाव

काचेतून साप छान दिसतो, या एका गुणापलीकडे उष्णतेच्या दृष्टीने काच ही फारशी चांगली वस्तू नाही. ती ऊब धरून ठेवत नाही. हिवाळ्यात चारी भिंतींतून उष्णता बाहेर झिरपते आणि जाळीच्या झाकणातून गरम हवा वर निघून जाते. उन्हाळ्यात खिडकीतून आलेले ऊन हीच काच आत घेते आणि आतली उष्णता कोंडून धरते. बंद करून उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत जे घडते, तेच थोड्या वेळात पेटीत घडते. कोवळे ऊन मिळावे म्हणून पेटी खिडकीत नेऊन ठेवणे हा सापाचा जीव घेण्याचा खात्रीचा मार्ग आहे. पेटीवर थेट ऊन कोणत्याही ऋतूत पडू देऊ नये.

पेटी ठेवण्यासाठी घरातील आतली, तळमजल्यावरील खोली निवडावी. पत्र्याच्या छपराखालची किंवा गच्चीलगतची खोली टाळावी. पेटी थेट फरशीवर न ठेवता लाकडी टेबलावर ठेवावी, कारण हिवाळ्यात फरशी ऊब शोषून घेते. मागची भिंत आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींना बाहेरून थर्माकोलची पत्री किंवा प्लायवूड लावल्यास उष्णतेची गळती बरीच कमी होते. सापालाही तीन बाजू झाकलेल्या असल्या की सुरक्षित वाटते. थर्माकोल व्यवस्थित बसवून त्यापासून हीटर दूर राहील, याची काळजी घ्यावी. जाळीच्या झाकणाचा अर्धा-अधिक भाग थंडीत झाकता येतो. मात्र हवा खेळती राहिलीच पाहिजे.

साधनांची निवड

उष्णता देण्याची तीन साधने सर्वसाधारणपणे वापरली जातात.

हीटिंग पॅड : हा पातळ चपटा पॅड पेटीच्या तळाला बाहेरून लावतात. तो तळाच्या एक-तृतीयांशापेक्षा अधिक भाग व्यापणारा नसावा आणि एकाच टोकाला असावा. पेटीला खालून छोटे पाय लावून तळाशी थोडी पोकळी ठेवावी, अन्यथा उष्णता कोंडून काच तडकू शकते. पॅडवरच्या भागात आतले आच्छादन जाड नसावे. भुशाचा जाड थर उष्णता अडवतो आणि काच खालून अधिकाधिक तापत राहते. वर्तमानपत्राच्या कागदाचे काही पदर हे सर्वांत साधे, स्वच्छ आणि रोज बदलता येणारे आच्छादन होय.

सिरॅमिक हीटर : बल्बप्रमाणे होल्डरमध्ये बसणारे, परंतु प्रकाश न देणारे हे साधन पेटीतील हवा तापवते. धुळ्यासारख्या थंड रात्रींच्या ठिकाणी एकट्या पॅडने भागत नाही, तेव्हा हे उपयोगी पडते. होल्डर चिनीमातीचाच हवा. प्लॅस्टिकचा होल्डर वितळतो. हीटरभोवती तारेचा पिंजरा बसवणे अनिवार्य आहे. साप उबेच्या दिशेने चढतो, तापलेल्या वस्तूला विळखा घालतो आणि भाजतो.

बल्ब : दिवसा ऊब आणि प्रकाश देण्यासाठी साधा बल्ब चालतो. रात्री मात्र अंधार हवा. लाल दिवा सापाला दिसत नाही या समजुतीला आधार नाही. रात्रभर लाल बल्ब लावून ठेवू नये.

आतून तापणारे कृत्रिम दगड बाजारात मिळतात, ते टाळावेत. पृष्ठभाग कातडी भाजण्याइतका तापला तरी साप त्यावरून लगेच बाजूला होत नाही, असा पशुवैद्यकांचा अनुभव आहे. पोटाखालच्या खवल्यांवर लालसर डाग व फोड दिसेपर्यंत इजा खोलवर गेलेली असते.

थर्मोस्टॅटशिवाय हीटर नको

या सर्व खर्चात काटकसर करायचीच असेल तर ती पेटीच्या सजावटीत करावी, थर्मोस्टॅटमध्ये नव्हे. थर्मोस्टॅट म्हणजे ठरवलेल्या तापमानाला हीटर बंद करणारे आणि खाली गेल्यावर पुन्हा चालू करणारे यंत्र. ते नसेल तर डिसेंबरात बेताची ऊब देणारा पॅड मार्चमध्ये आपोआप घातक ठरतो, कारण खोलीचे तापमान वाढले तरी पॅड तितकीच उष्णता देत राहतो.

थर्मोस्टॅटला जोडलेल्या तारेच्या टोकाला तापमान मोजणारा प्रोब असतो. यंत्र तापमान मोजते ते फक्त प्रोब आहे त्या जागेचे. पॅड वापरताना प्रोब पॅड आणि काच यांच्यामध्ये पक्का चिकटवावा. तो आत मोकळा सोडला आणि सापाने तो ढकलून गार टोकाला नेला, किंवा त्यावर पाणी सांडले, तर यंत्राला पेटी थंड भासते आणि ते हीटर चालूच ठेवते. थर्मोस्टॅट असूनही साप भाजण्याच्या घटनांमागे बहुधा हेच कारण असते.

थर्मोस्टॅटवरील आकड्यावर विसंबून न राहता दोन स्वतंत्र डिजिटल थर्मामीटर ठेवावेत, एक उबदार लपणात जमिनीलगत आणि दुसरा गार टोकाला. काचेला चिकटवायचे तबकडीचे थर्मामीटर काचेजवळच्या हवेचे तापमान दाखवतात. साप असतो जमिनीवर, त्यामुळे त्यांचा उपयोग थोडा.

साप आणण्यापूर्वी संपूर्ण मांडणी निदान दोन दिवस रिकामी चालवून पाहावी. पहाटे सहा, दुपारी तीन आणि रात्री दहा अशा तीन वेळांच्या नोंदी वहीत कराव्यात. खान्देशात सर्वांत थंड वेळ सूर्योदयापूर्वीची आणि सर्वांत तप्त वेळ दुपारी तीन-चारची असते. या दोन वेळांना उतार टिकला तर मांडणी जमली असे समजावे.

हिवाळ्याची रात्र

थंडीत धुळ्यातील एकाच दिवसाचा फरक वीस अंशांपर्यंत जातो. पहाटे आठ अंश असतील तर दुपारी अठ्ठावीस. दुपारची ऊब पाहून हीटर बंद करणारा पहाटे फसतो. केळी-उत्पादकांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही. पारा दहा अंशांखाली गेला की केळीची वाढ खुंटते, म्हणून बागेभोवती वारा अडवणारी कुंपणे उभी केली जातात, रात्री पाणी दिले जाते, शेकोट्या पेटवल्या जातात. वारा अडवणे आणि रात्रीची तयारी संध्याकाळीच करणे, ही दोन तत्त्वे पेटीलाही लागू पडतात.

खोली दहा-बारा अंशांवर उतरत असेल तर पेटीच्या आत वीस अंशांची वाढ केवळ काचेच्या भरवशावर मिळत नाही. अशा वेळी हीटरचे वॅट वाढवत नेण्यापेक्षा तीन बाजूंचे थर्माकोल, झाकणावरचे आच्छादन आणि रात्री पेटीवर टाकलेली चादर यांनी गळती रोखावी. चादर सिरॅमिक हीटरला किंवा बल्बला स्पर्श करणार नाही, हे पाहावे. विजेचा खर्च फारसा नाही. वीस वॅटचा पॅड रोज बारा तास चालला तरी महिन्याला सात-आठ युनिट होतात.

खरी अडचण वीज जाण्याची आहे. वीस वॅटचा पॅड घरच्या इन्व्हर्टरवर रात्रभर सहज चालतो. शंभर वॅटचा सिरॅमिक हीटर मात्र बॅटरी लवकर उतरवतो. म्हणून दोन्ही साधने असतील तर इन्व्हर्टरवर पॅडच जोडावा. इन्व्हर्टर नसल्यास गरम पाण्याच्या बाटल्या जाड कापडात गुंडाळून पेटीच्या काचेला बाहेरून लावाव्यात आणि दोन-तीन तासांनी बदलाव्यात. कोळशाची शेगडी बंद खोलीत कदापि ठेवू नये. तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड सापाइतकाच घरातल्या माणसांनाही घातक आहे. थंडीच्या लाटेत वीज बेभरवशाची असेल तर सापाला दोन-चार दिवस खायला न देणे इष्ट. उपाशी साप थंडी सोसतो, भरल्या पोटाचा सोसत नाही.

हीटरमुळे हवा कोरडी पडते आणि कात तुकड्यातुकड्यांनी निघते. डोळ्यांवरची कात अडकून राहणे तर विशेष त्रासाचे. यासाठी झाकणाला भोक पाडलेल्या एका डब्यात ओलसर कापड ठेवून तो डबा पेटीच्या मधोमध ठेवावा.

उन्हाळा : ऊब नको, गारवा हवा

परदेशी पुस्तकांत आणि व्हिडिओंत सारा भर उष्णता देण्यावर असतो, कारण ती थंड देशांत तयार होतात. जळगावात मार्च ते जून या काळात प्रश्न उलटा होतो. थर्मोस्टॅट हीटर बंद करू शकतो, पेटी गार करू शकत नाही. खोलीच ३८ अंशांवर गेली तर पेटीत ‘गार टोक’ नावाची गोष्टच उरत नाही.

खोलीचे तापमान ३२-३३ अंशांवर जाऊ लागले की हीटर व बल्ब काढून ठेवावेत. ३५ च्या पुढे गेल्यास खोली गार करण्याची व्यवस्था हवी. खान्देशातील उन्हाळा कोरडा असल्याने पाण्याचा कूलर येथे चांगले काम करतो. त्याचा झोत थेट पेटीवर न सोडता खोलीत सोडावा. पाण्याचे भांडे साप पूर्ण बुडून बसू शकेल एवढे मोठे आणि सदैव भरलेले असावे. वीज गेल्यास गोठवलेल्या पाण्याची बाटली कापडात गुंडाळून पेटीच्या एका टोकाला झाकणावर ठेवावी. गार हवा खाली उतरते.

मातीच्या भांड्याचा उपयोग या बाबतीत काचेपेक्षा मोठा आहे. चेन्नईजवळील वडनेम्मेली येथे इरुला आदिवासींची १९७८ साली स्थापन झालेली सहकारी संस्था प्रतिविषासाठी सर्पविष संकलित करते. तेथे साप काचपेटीत नव्हे, तर तोंडाला कापड बांधलेल्या मातीच्या मडक्यांत ठेवले जातात आणि विष काढून झाल्यावर ठरावीक मुदतीने पुन्हा रानात सोडले जातात. मडके गार राहते, अंधार देते आणि हवाही खेळू देते. पेटीतही बाहेरून ओलवलेले मडके आडवे ठेवले तर सापाला गार लपण मिळते.

पावसाळ्यात तापमानाची चिंता कमी, ओलीची अधिक. आच्छादन सतत ओले राहिले तर पोटाच्या खवल्यांना फोड येतात. या दिवसांत पेटी गरम ठेवण्यापेक्षा कोरडी ठेवण्याकडे लक्ष द्यावे.

जखमी सापाची पेटी

नांगराच्या फाळाने, जेसीबीने किंवा मासेमारीच्या जाळ्याने जखमी झालेले साप उपचारासाठी येतात, तेव्हा तापमान हे पहिले औषध ठरते. थंड शरीरात प्रतिकारशक्ती मंदावते आणि टोचलेले प्रतिजैविकही अपेक्षेप्रमाणे काम करत नाही. म्हणून सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे पशुवैद्यक सापाला त्याच्या मानवणाऱ्या तापमानात ठेवूनच औषधाची मात्रा ठरवतात. अशा सापाला मोठी पेटी नको. छोटी, अंधारी, कागद अंथरलेली, एका टोकाला पॅड असलेली पेटी पुरते. विषारी सापाची पेटी कुलूपबंद हवी आणि ती वन विभागाच्या किंवा उपचार केंद्राच्या ताब्यातच हवी. घर ही तिची जागा नव्हे.

पेटीपर्यंत पोहोचण्याआधीच काही साप दगावतात, याचा उल्लेख येथे करायला हवा. प्लॅस्टिकच्या बरणीत बंद करून भर दुपारी दुचाकीच्या डिकीत ठेवलेला साप मे महिन्यात फार काळ तग धरू शकत नाही. पकडताना त्याला कोणतीही इजा झालेली नसते. तो केवळ तापून मरतो. सुती पिशवीत घालून, ती पिशवी हवेशीर डब्यात ठेवून आणि डबा सावलीत नेऊनच सापाची वाहतूक करावी. सोडण्याची वेळही ऋतूनुसार ठरवावी. उन्हाळ्यात पहाटे किंवा सूर्यास्तानंतर, हिवाळ्यात ऊन चढल्यावर. जानेवारीच्या रात्री उबदार पेटीतून काढून माळरानावर सोडलेला साप आसरा शोधण्याआधीच गारठून पडतो.

साप काय सांगतो

साप बोलत नाही, पण त्याची बसण्याची जागा बोलकी असते. तो रात्रंदिवस उबदार टोकालाच चिकटून असेल तर पेटी थंड आहे. सतत पाण्यात बसत असेल किंवा झाकणाशी धडपडत असेल तर पेटी तापलेली असण्याचा संभव आहे. पाण्यात बसणे हे गोचिडांसारख्या परजीवींचेही लक्षण असू शकते, म्हणून खवल्यांच्या कडा तपासाव्यात. तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, नाकाशी बुडबुडे किंवा चिकट स्राव दिसणे ही श्वसनसंसर्गाची चिन्हे आहेत. अशा वेळी तापमान तपासून त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे जावे. भक्ष्य ओकून टाकल्यास पुन्हा लगेच खाऊ घालू नये. आधी नोंदवहीतील पहाटेचे आकडे पाहावेत. दोषाचे मूळ बहुधा तेथेच सापडते.

थोडक्यात

• पेटीत एक तापमान नव्हे, उबदार टोकापासून गार टोकापर्यंत उतार ठेवावा. लपण दोन्ही टोकांना हवे.

• पॅड एक-तृतीयांश तळापुरता आणि बाहेरून लावावा. हीटर किंवा बल्ब आत असल्यास त्याला पिंजरा हवा.

• थर्मोस्टॅटशिवाय कोणतेही उष्णता-साधन वापरू नये. प्रोब हलणार नाही असा बसवावा आणि वेगळ्या थर्मामीटरने पडताळणी करावी.

• हिवाळ्यात पहाटेचे आणि उन्हाळ्यात दुपारी तीनचे तापमान पाहावे.

• पेटी उन्हात ठेवू नये, बंद खोलीत शेगडी पेटवू नये.

• परदेशी सापाची कागदपत्रे व आवश्यक तेथे नोंदणी पूर्ण असावी. भारतीय साप आढळल्यास तो पाळू नये, पकडण्याचा प्रयत्नही करू नये. वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवावे.

परदेशी साप आयुष्यभर पेटीतच राहणार असतो, म्हणून त्याची पेटी त्याला वर्षानुवर्षे पुरेल अशी मांडावी लागते. उपचारासाठी आणलेल्या नाग-धामणीची पेटी मात्र जितक्या लवकर रिकामी होईल तितकी बरी.